भात्यावरचा हात

“डावा हात कुठे गेला?” सरांनी विचारलं.

मी पाहिलं. उजवा हात पट्ट्यांवर होता. डावा मात्र पियानोच्या उभ्या फळीला जाऊन टेकला होता, बोटं जुळलेली, तळवा पुढे. चाळीस वर्षं त्याला त्याच जागी भाता सापडत आला आहे. न सांगता तो तिथेच गेला.

“इथे हवा मारायची नाही. खाली आण त्याला,” सर म्हणाले. “आज त्याने दोनच सूर वाजवायचेत.”

सर मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे. घरी कोकणी बोलतात, त्यामुळे त्यांच्या मराठीत मी पहिल्या दिवसापासून ‘तू’ आहे. वांद्र्याच्या चिंबई गावात एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत त्यांचा उभा पियानो असतो. शेजारी दोन खुर्च्या, भिंतीवर क्रूस, खिडकीतून येणारा सुक्या मासळीचा वास. सतराव्या वर्षी ते गोव्याहून मुंबईत आले, धोबी तलावावर आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिले आणि पुढे बरीच वर्षं चर्चगेटच्या हॉटेलांत रात्री पियानो वाजवत राहिले. आता अठ्ठ्याहत्तरीत त्यांच्याकडे आठवड्याला अकरा विद्यार्थी येतात. बारावी मी.

यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’ आहे असं संपादकांनी मार्चमध्ये कळवलं, तेव्हा आधी कुंभार, विणकर, शल्यविशारद असे हात डोळ्यांपुढे आले. पण माझ्या मनात वेगळाच एक हात अडकून होता, पेटीवाल्याचा डावा. वडिलांनी मला पेटी शिकवली. भजनी मंडळात वाजवली, नाट्यगीतांना साथ केली. या सगळ्यात उजव्या हाताने गाणं म्हटलं आणि डाव्याने भाता हलवला. डाव्या हाताला संगीत येतं की नाही, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. म्हणून ठरवलं, जॅझमधलं एक स्टँडर्ड एकट्या पियानोवर वाजवायला शिकायचं, शिकवणारे आणि दुरुस्त करणारे यांच्याकडे जाऊन बघायचं, आणि दिसेल ते लिहायचं.

पॅरिसहून निघालेलं गाणं

‘स्टँडर्ड’ म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांसाठी पाठ केलेलं गाणं. त्यातली बहुतेक गाणी जॅझ म्हणून जन्मलीच नाहीत. ब्रॉडवेच्या नाटकांतली, हॉलिवूडच्या चित्रपटांतली, १९२० ते १९५०च्या दरम्यानची ही लोकप्रिय गाणी वादकांनी उचलली आणि इतकी घोळवली, की मूळ नाटक विसरलं गेलं आणि गाणं राहिलं. दोन अनोळखी वादक रंगमंचावर भेटतात, एकजण गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतो, दुसरा मान हलवतो, वाजवणं सुरू. आपल्याकडे ‘भीमपलास, काळी चार, विलंबित एकताल’ एवढं सांगितलं की तबलजी बसतो, तसंच.

सरांनी माझ्यासाठी निवडलं ‘ऑटम लीव्हज’. ते पहिलं गाणं म्हणून जगभर शिकवतात, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच. आधी त्याचा प्रवास सांगते. चाल जोसेफ कॉस्मा यांची. बुडापेस्टमध्ये जन्मलेले हे संगीतकार १९३३ साली पॅरिसला आले. १९४५मध्ये रोलां पेती यांच्या एका बॅलेसाठी त्यांनी केलेल्या संगीतातून ही चाल निघाली. कवी झाक प्रेव्हेर यांनी तिच्यावर फ्रेंच शब्द लिहिले आणि १९४६मध्ये मार्सेल कार्ने यांच्या चित्रपटात ती आली. ईव्ह मोंतां यांनी ती फ्रान्सभर नेली. काही वर्षांत जॉनी मर्सर यांनी इंग्रजी शब्द दिले आणि गाणं अटलांटिक ओलांडून गेलं. १९५५ साली रॉजर विल्यम्स यांची पियानोवरची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कार्मेल इथल्या मैफलीत एरल गार्नर यांनी तेच गाणं वाजवलं. १९५८मध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि माइल्स डेव्हिस यांनी, १९५९मध्ये बिल एव्हान्स यांनी. चारही मुद्रणं मी लागोपाठ ऐकली. चाल एकच, आणि चार वेगळी माणसं बोलताहेत. शरदातल्या पानगळीचं हे गाणं मी ऐन चैत्रात शिकायला बसले होते.

एरल गार्नर यांचं एक इथेच सांगायला हवं. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. आयुष्यभर कानाने वाजवलं. पेटीवाल्यांच्या घरात वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही, पण धीर आला.

एक पान, बरंचसं कोरं

पहिल्या मंगळवारी सरांनी एक पान समोर ठेवलं. लीड शीट. वर चाल, एकेका सुराची. चालीच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, नावं. बस. डाव्या हाताने काय करायचं याचा त्यात शब्द नाही. अशी शेकडो गाणी एकत्र केलेलं जाडजूड पुस्तक म्हणजे ‘रिअल बुक’. १९७०च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ते हाताने लिहून काढलं, परवानगीशिवाय छापलं, आणि ते दुकानांत नव्हे तर हातोहात विकलं जायचं. त्याची रीतसर परवानग्या घेतलेली आवृत्ती थेट २००४ साली निघाली. तोवर वादकांच्या दोन पिढ्या त्या चोरट्या पुस्तकावर शिकून झाल्या होत्या.

माझ्या पानावर बत्तीस बार होते. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन. त्याला कोरस म्हणतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते चौसष्ट सेकंदांत संपतं आणि पुन्हा पहिल्या बारावर येतं. आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा जरा उजेडाकडे जाऊन येतो, चौथा घरी आणून सोडतो. पहिल्या आवर्तनात चाल वाजवायची, मग त्याच कॉर्डांवर स्वतःचं काही रचायचं, शेवटी पुन्हा चाल. बंदिश, विस्तार, पुन्हा मुखडा.

“हे पान पियानोच्या स्टँडवर ठेवायचं नाही,” सर म्हणाले. “घरी नेऊन पाठ कर. आणि आधी गा.”

“गाऊ?”

“चाल गा, नि डाव्या हाताने फक्त बासचा एकेक सूर दे. आठवडाभर तेवढंच. उजवा हात मांडीवर.”

म्हणजे उजव्याला सुट्टी आणि डाव्याला शाळा. न्यूयॉर्कमधले नावाजलेले शिक्षक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांकडून मोठ्या वादकांचे सोलो आधी गाऊन घेत, मगच वाद्याला हात लावू देत. हे सरांना ऐकून ठाऊक होतं, पण त्यांची स्वतःची पद्धत आली होती गोव्याच्या चर्चच्या शाळेतून. तिथले मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना व्हायोलिन हाती देण्याआधी महिनोन्‌महिने सोल्फेज, म्हणजे तिकडची सरगम, गाऊन घ्यायचे. गळ्याला ठाऊक नसलेलं बोटाला कसं ठाऊक होणार, हा तो विचार. आमच्या घरीही वडील हेच म्हणायचे.

सूर तोच, खालची जमीन वेगळी

तिसऱ्या आठवड्यात जे कळलं ते सविस्तर सांगते, कारण हे गाणं पहिलं म्हणून का शिकवतात याचं उत्तर त्यात आहे, आणि पेटीवाल्याला ते चटकन समजेल.

गाणं जी मायनरमध्ये आहे. आपल्या भाषेत सा पांढरी पाच, गांधार-धैवत-निषाद कोमल, आसावरी थाटाची स्वरावली. चाल तीन पायऱ्या चढते, मग एक उडी घेऊन एका सुरावर थांबते, लांब, पाच मात्रा. मग पुन्हा तीन पायऱ्या, पण एक घर खालून, आणि पुन्हा उडी, पुन्हा थांबा. असं चार वेळा. थांबण्याचे चार सूर क्रमाने कोमल धैवत, पंचम, मध्यम, कोमल गांधार. सरळ उतरता जिना. चौथ्या खेपेला चढतानाचे धैवत-निषाद शुद्ध होतात, आणि तेवढ्याने घर जवळ आल्याचं कानाला कळतं.

हे सगळं पेटीवर मी पाच मिनिटांत वाजवलं असतं. खाली षड्ज धरून. पण इथे षड्ज धरायचा नाही. इथे प्रत्येक बारात खालचा सा बदलतो.

कोमल धैवतावर थांबले. डाव्या हाताने खाली पांढरी एक वाजवली. तो धैवत आता पांढरी एकचा कोमल गांधार झाला. सूर धरून ठेवला, आणि पुढच्या बारात डाव्याने पांढरी चार वाजवली. उजव्या हाताचं बोट हललेलं नाही, पट्टी तीच दाबलेली, पण तोच सूर आता कोमल निषाद झाला होता. माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. पुढचा थांबा पंचमाचा. खाली काळी पाच आली की तो शुद्ध गांधार, मग काळी दोन आली की शुद्ध निषाद. मग मध्यम, तोही आधी गांधार, मग निषाद. कोमल गांधारावर येईपर्यंत खाली खरोखरीची पांढरी पाच येते आणि आपण घरी पोहोचतो. षड्जचालन आपण गायकांकडून ऐकतो, मूर्च्छनेचे प्रयोग ऐकतो. इथे ते प्रत्येक बाराला, एका साध्या लोकप्रिय गाण्यात चाललं होतं.

आता डाव्या हाताचे दोन सूर. कॉर्डला ओळख देतात ते तिचा तिसरा आणि सातवा सूर, म्हणजे गांधार आणि निषाद. या गाण्यात उजवा हात आधी गांधार धरून असतो, तेव्हा डाव्याने बास आणि निषाद द्यायचा. उजव्याचा गांधार निषाद झाला, की डाव्याने बास आणि गांधार द्यायचा. तीन सुरांत कॉर्ड पूर्ण. बाकी काही लागत नाही. सरांनी माझी करंगळी आणि अंगठा धरून जागेवर ठेवले. करंगळी बासच्या उड्या मारते. अंगठा काळी पाचवर, मग शेजारच्या पांढरी सहावर, तिथेच दोन बार, मग पांढरी पाचवर, तिथेच दोन बार, मग काळी तीनवर. सात बारांत तो जेमतेम तीन-चार पट्ट्या सरकतो.

“करंगळी चालते, अंगठा बसलेला असतो,” सर म्हणाले. “अंगठ्याला जास्त पळवलंस तर समज, काहीतरी चुकलं.”

छापील पुस्तकांतून याला शेल व्हॉइसिंग म्हणतात. १९४०च्या दशकात बड पॉवेल यांनी डाव्या हाताला असं दोन सुरांवर आणून ठेवलं होतं. मला ते नाव नंतर कळलं. हाताला आधी कळलं.

तीन माणसांचं काम

पॉवेल यांच्या शेजारी बास आणि ड्रम वाजवणारे असायचे. एकट्या पियानोवर ते नसतात. तिथे एकाच माणसाने बास द्यायचा, कॉर्ड भरायची, लय चालवायची आणि वर गाणं म्हणायचं. बिल एव्हान्स यांनी डाव्या हातातून बास काढून टाकला आणि नुसते वरचे रंग ठेवले. ते सुंदर वाटतं, पण मी घरी एकटीने तसं वाजवून पाहिलं तेव्हा गाण्याला जमीनच उरली नाही. एव्हान्स यांच्या त्रयीत ती जमीन स्कॉट लाफारो यांच्या बासमध्ये होती.

एकट्याने वाजवायची रीत त्याहून जुनी, न्यूयॉर्कच्या हार्लेममधली. १९२०च्या दशकात तिथे घरभाडं जमवण्यासाठी लोक घरात पार्ट्या करायचे, पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे, आणि संगीत म्हणजे एक पियानोवाला. त्याला अख्ख्या बँडचं काम करावं लागे. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली दणकट बास, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकात कॉर्ड. डावा हात सतत ढांगा टाकत राहतो, म्हणून नाव ‘स्ट्राइड’. जेम्स पी. जॉन्सन हे त्यातले अध्वर्यू. त्यांचं ‘कॅरोलायना शाउट’ तरुण ड्यूक एलिंग्टन कसे शिकले, ही गोष्ट शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. तेव्हा आपोआप वाजणारे पियानो असत. कागदाच्या गुंडाळीवर भोकं पाडलेली, ती फिरली की पट्ट्या आपोआप खाली जात. एलिंग्टन ती गुंडाळी अगदी हळू फिरवत आणि खाली गेलेल्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवत. गुरू समोर नाही, त्याच्या बोटांचे ठसे आहेत, आणि त्या ठशांत बोट घालून शिकायचं.

हा डावा हात मुंबईतही आला होता. शिकागोत लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेले टेडी वेदरफर्ड १९२६मध्ये आशियात आले आणि पुढची जवळजवळ सगळी वर्षं इथेच राहिले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत. १९३७ साली पॅरिसमध्ये केलेली त्यांची एकट्या पियानोची मुद्रणं आजही ऐकायला मिळतात. डावा हात घोड्याच्या टापांसारखा स्वच्छ. १९४५मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने ते गेले. ताजच्या त्या बँडांतून गोव्याचे वादक शिकले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं आणि ही मंडळी चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळली. तिथे त्यांना भेटले ते आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, ज्यांची उमेदवारीच मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवण्यात गेली होती. ‘अलबेला’ या १९५१च्या चित्रपटात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आपण लहानपणापासून ज्या गाण्यांवर ताल धरला, त्यांच्यातला स्विंग या गाठीभेटींतून आला. पेटी आणि जॅझ यांची ओळख माझ्यापासून सुरू होत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

स्ट्राइड माझ्या हाताला झेपला नाही. सरांनीही आग्रह धरला नाही. माझा तळवा लहान. मोठ्या हाताचे वादक बास आणि त्याच्या वरच्या सप्तकातला गांधार एकदम दाबतात, दहा सुरांचं अंतर. मला आठ जेमतेम पुरतात. त्यावर तोड आहे ती उजव्या पायाखाली. आधी खालचा सूर, लगेच पेडल, मग हात सोडून वरचा सूर. दोन्ही मिळून घुमतात. मात्र पुढची कॉर्ड आली की त्याच क्षणी पाय उचलून पुन्हा टाकायचा, नाहीतर मागची जमीन पुढच्या जमिनीत कालवली जाते. तीन आठवडे मी नुसता तो पाय शिकत होते.

पावसाळ्यातला पियानो

जुलैत सरांच्या पियानोची मधली काळी तीन दाबली की खालीच राहायला लागली. लाकूड फुगलं होतं. ट्यूनर येणार म्हणून मी मुद्दाम दुपार मोकळी ठेवली.

साठीचा माणूस, पाठीवर कातडी पिशवी. त्याने पियानोची पुढची फळी काढली आणि आतलं घर उघडं पडलं. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, सव्वादोनशेच्या आसपास तारा, प्रत्येक पट्टीमागे नमद्याचा हातोडा. खालच्या कोपऱ्यात एक साधा बल्ब जळत होता. पावसाळाभर तो चालू ठेवायचा, आत ओल धरू नये म्हणून. नमद्याला कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या. फुगलेल्या पट्टीच्या भोकातलं कापड त्याने एका चिमट्याने हलकेच दाबलं, आणि पट्टी उठली. त्यानंतर अडीच तास तो नुसता ऐकत होता. तीन तारांपैकी दोन तारांमध्ये नमद्याची पट्टी खुपसायची, एकच तार मोकळी ठेवायची, किल्ली जराशी फिरवायची, थांबायचं.

मी त्याला म्हटलं, आमच्याकडे चांगला पेटीवाला स्वर गायकाच्या गांधाराला लावून घेतो, तुमचा गांधार मला चढा वाटतो.

“चढा आहेच,” तो म्हणाला. “चढाच ठेवावा लागतो.”

लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पियानोचा शुद्ध गांधार आपल्या तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा चौदा भागांनी चढा असतो. हे मला ठाऊक होतं आणि आजवर मी तो पियानोचा दोष मानत आले. त्या दुपारी कारण समजलं. एकच पट्टी एका बारात गांधार, पुढच्या बारात निषाद, आणखी कुठे पंचम व्हायची असेल, तर तिला कुणा एकाच्या षड्जाशी पूर्ण निष्ठा ठेवता येत नाही. सगळ्यांशी थोडी थोडी तडजोड करून ती सगळ्यांच्या उपयोगी पडते. माझ्या कानाला तो गांधार अजूनही टोचतो. पण ‘ऑटम लीव्हज’ पेटीवर षड्जाच्या सुरात बांधून वाजवणं का शक्य नाही, ते आता मला कळतं.

ट्यूनरच्या मते मुंबईत असं काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बहुतेक घरांत आता विजेवरचे पियानो. माझ्याही घरी तोच आहे, धोबी तलावावरून आणलेला, अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा. रात्री कानाला हेडफोन लावून वाजवता येतो, ही चाळीत राहणाऱ्याला केवढी सोय आहे.

दुसरी आणि चौथी

लयीचं मला वाटलं होतं सोपं जाईल. गेलं नाही. पेटीवाल्याचा पाय समेवर पडतो. सरांनी मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावला आणि सांगितलं, ही टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा आहे, पहिली आणि तिसरी तू मनात धर. जिथे टाळी द्यायची सवय, तिथे शांतता, आणि खालीच्या जागी आवाज. पहिले चार दिवस माझी सम दर दोन ओळींनी टिकटिकीवर सरकून बसायची. शेवटी मी पियानो बंद केला आणि लोकलच्या खिडकीला बोटं आपटत विरार ते अंधेरी तेवढंच केलं. पाचव्या दिवशी बसलं.

दुगुनीचे दोन सूर सारखे वाजवायचे नाहीत, पहिला लांब, दुसरा आखूड, तीनातले दोन आणि एक. हे मला सांगावं लागलं नाही. भजनी ठेक्याच्या डौलात ते आधीच हातात होतं.

आणि एक गोष्ट पेटीने कधी शिकवली नव्हती. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर जिवंत. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. चालीतला तो पाच मात्रांचा थांबा पियानोवर तिसऱ्या मात्रेलाच फिका पडतो. त्याच्याखाली डाव्या हाताने दुसऱ्या कॉर्डचा बास दिला, मधे अंगठ्याने एक हलका सूर सोडला, की वरचा सूर पुन्हा ऐकू येतो, नव्याने उजळतो. तो पुन्हा वाजवलेला नसतो. मला हे जाणवलं त्या रात्री मी घरच्या पेटीपाशी जाऊन बसले आणि भात्यावरचा हात पाहत राहिले. गाणं जिवंत ठेवायचं काम तो चाळीस वर्षं करतच होता.

शनिवारची संध्याकाळ

दर तीन महिन्यांनी सर विद्यार्थ्यांना एकमेकांपुढे वाजवायला बसवतात. ऑगस्टमधल्या शनिवारी आम्ही सातजण होतो, आणि खाली राहणाऱ्या दोन शेजारणी. चौदा वर्षांच्या एका मुलाने ‘ऑटम लीव्हज’च वाजवलं, कुणाची तरी तयार मांडणी जशीच्या तशी पाठ करून. बोटं पाण्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही मनापासून. मग सर त्याला म्हणाले, “आता नुसता बास दे, मी चाल वाजवतो.” मुलगा थांबला. त्याला प्रत्येक सूर येत होता, पण त्यातला बास कुठला ते ठाऊक नव्हतं. सर रागावले नाहीत. त्याच्या शेजारी बसून त्यांनी पहिल्या आठ बारांचे सात बास त्याच्याकडून गाऊन घेतले, आणि मग दोघांनी मिळून वाजवलं. मुलाचा चेहरा उजळला होता.

माझं मत मी इथे स्पष्ट लिहिते. आपल्या शहरांत पियानो शिकणारी हजारो मुलं वर्षाला तीन-चार तुकडे परीक्षेसाठी घोटतात आणि गुण मिळवतात. त्यांतल्या कितीजणांना एखादं गाणं कानाने उचलून, दोन्ही हातांनी उभं करता येतं? तयार मांडणी पाठ करणं म्हणजे स्टँडर्ड शिकणं नव्हे. त्या मुलाला कुणी आधी बास गायला लावला असता, तर एवढ्या बोटांनिशी त्याने आज काय केलं असतं.

मग माझी पाळी. पहिलं आवर्तन लयीशिवाय, आलापीसारखं सोडून. किथ जॅरेट यांचा ‘द मेलडी अ‍ॅट नाइट, विथ यू’ हा १९९९चा अल्बम मी पावसाळाभर ऐकत होते. दीर्घ आजारातून उठताना त्यांनी घरीच बसून, एकट्या पियानोवर, स्टँडर्ड्स जवळजवळ नुसती म्हटली आहेत. एवढ्या मोठ्या वादकाला चाल पुरते, तर मला का पुरू नये, हा धीर मी तिथून घेतला. दुसऱ्या आवर्तनात लय धरली. थांब्यांच्या पाच मात्रांत माझ्या दोन-तीन सुरांच्या जागा घेतल्या, त्यातली एक सरळ नाट्यगीतातून आली होती. शेवटच्या आठ बारांत उजवा हात चुकला. कुठल्या बारात आहोत ते कळेना. डावा मात्र चालत होता, करंगळी उड्या मारत, अंगठा बसलेला. दोन बार मी त्याच्याकडून ऐकलं आणि मग उजवा हात पुन्हा त्याला येऊन मिळाला.

सर काही बोलले नाहीत. पेन्सिल घेऊन माझ्या वहीत त्यांनी पुढच्या मंगळवारची तारीख घातली आणि खाली लिहिलं: हेच गाणं, पांढरी तीनमधून.